बाराव्या फुलाची हकीकत

स्तारा लिपा,
नोव्हेंबरचा पहिला आठवडा

थोरल्या मेहुणीबाई सौ. योर्दान्काताई आणि साडूभाऊ गेन्को यांना धाकट्या मेतोदीचा टोपी काढून नमस्कार. (टोपी खरंच काढली आहे. स्वयंपाकघरातला स्टोव्ह आज धड पेटला आहे, त्यामुळे डोकं उघडं ठेवता येतं.)

ताई, तुमचा गुडघा काय म्हणतो? वालेन्सियाला अजून ऊन आहे असं ऐकतो, तेव्हा तो निदान शिव्या तरी देत नसेल. गेन्कोभाऊंच्या बाल्कनीतल्या टोमॅटोंना माझा वेगळा नमस्कार. उन्हाळ्यात त्यांनी पाठवलेला फोटो मी शेजारीपाजारी दाखवला. सगळ्यांनी कौतुक केलं आणि मी पाठ फिरवल्यावर 'एवढे लाल म्हणजे औषधं मारलेले' असंही म्हणाले, ते मला ऐकू आलं. माझं म्हणाल तर बरं चाललंय. दर रविवारी तुम्ही फोनवर विचारता, "जेवलास का?" मी म्हणतो, "जेवलो." मग आपण दोघंही जरा वेळ गप्प राहतो आणि फोनचं बिल वाढतं. फोनवर मला बोलता येत नाही, घशात काहीतरी अडकतं. म्हणून लिहायला बसलो. कागदाला घसा नसतो.

बातमी तुमच्यापर्यंत पोचली असणारच. गेन्कोभाऊंच्या चुलतभावानं टीव्हीवर पाहिलं आणि अर्ध्या स्पेनला कळवलं म्हणे, की आमच्या मेतोदीनं परदेशच्या पंतप्रधानबाईंना जिवंतपणी मयताची फुलं दिली. ताई, ते खरं आहे. जिवंत माणसाला फुलं विषम द्यायची आणि गेलेल्याला सम, हे आपल्याकडे पोरांना शाळेत जायच्या आधी कळतं, आणि मी वाचनालयाचा चिटणीस, तीस वर्षं गावातल्या प्रत्येक स्वागतसमारंभाचा प्रमुख. पण ती हकीकत दुसऱ्याच्या तोंडून ऐकू नका. माझ्याकडून ऐका आणि मग काय शिव्या द्यायच्या त्या द्या.

झालं असं, की उत्तरेकडच्या त्या थंड देशानं आपल्या गावाला सांडपाणी शुद्ध करायचा कारखाना बांधून दिला. (नदीकाठी, जिथे पूर्वी गेन्कोभाऊ मासे पकडायला जात आणि झोपून परत येत, तिथे.) त्याच्या उद्घाटनाला खुद्द त्यांच्या पंतप्रधानबाई येणार असं राजधानीतून कळलं, आणि आपले नगराध्यक्ष तोनेव्ह यांना त्या दिवसापासून जेवण जाईना. परदेशी सरकारची प्रमुख बाई, तीही सांडपाण्यासाठी! भाषणात सांडपाण्याला काय म्हणायचं हा पहिला पेच. 'दोन राष्ट्रांमधून अखंड वाहणारा स्नेहाचा प्रवाह' असं एक वाक्य त्यांनी मोठ्या हौसेनं लिहिलं होतं. ते मी खोडायला लावलं. मग ते मला म्हणाले, "मेतोदी, तुला कळतंय तर तूच कर सगळं."

मी म्हटलं, "तोनेव्ह, मी कधी काही केलंय का? माझ्याकडे टाय आहे एवढंच." खरं काय ते तुम्हाला ठाऊक आहे ताई. स्वागताचा पाव तुमची बहीण दोब्रिन्का भाजायची, फुलं दोब्रिन्का बांधायची, बँडवाल्यांना प्यायला कधी द्यायचं आणि कधी अजिबात नाही हेही तीच ठरवायची. मी पाठीमागे हात बांधून चौकात उभा राहायचो आणि लोक म्हणायचे, मेतोदीची व्यवस्था चोख असते. तोनेव्हना मी म्हटलं, "ती नाही आता." ते म्हणाले, "म्हणूनच सांगतोय. घरात बसून काय करणार आहेस?" मी घरी जाऊन टाय शोधला.

मग तारीख कळली. दोब्रिन्काला जाऊन सहा महिने होण्याचा जो दिवस, तोच नेमका पंतप्रधानबाईंचा. मनात म्हटलं, सकाळी चौकात स्वागताचा पाव आणि मीठ, दुपारी टेकडीवरच्या दफनभूमीत उकडलेले गहू, वाइन आणि मेणबत्ती. एका दिवसात दोघींचंही होऊन जाईल. छापखान्यातून दारावर चिकटवायचे तिचे सहा महिन्यांचे कागद आणून ठेवलेलेच होते. काळी चौकट, मधे फोटो, खाली दोन ओळी. त्या ओळींसाठी मी फार दिवस घालवले. छापखान्यातला माणूस म्हणत होता की त्याच्याकडे तयार कविता आहेत, सगळे त्यातलीच एक निवडतात. मी शेवटी एवढंच लिहिलं : 'सहा महिने झाले. घर आहे तिथेच आहे.' माझी अपेक्षा फार नव्हती. त्या दिवशी आमच्या फाटकावर ती असावी, बस. दुसऱ्या दिवशी लावून उपयोग नसतो, वाढदिवस जसा दुसऱ्या दिवशी नसतो तसाच.

आठवडाभर आधी राजधानीतून राजशिष्टाचार विभागाचे श्री. प्लामेन आले. टोकदार बूट, हातात दोन फोन आणि चेहरा सतत कुठेतरी आग लागल्यासारखा. त्यांच्याबरोबर त्या थंड देशाच्या वकिलातीतल्या एक उंच बाई होत्या. बाई स्वभावानं गोड. पाहुण्यांच्या गाड्या जायच्या त्या रस्त्यानं आम्ही सगळे पायी निघालो. बाई दर फाटकापाशी थांबायच्या, दारावरच्या कागदांवरचे फोटो निरखायच्या. तुम्हाला तर माहीत आहे, आपल्या रस्त्यावर असं एक दार नाही ज्यावर कुणी गेलेलं माणूस नाही. कुणाचे चाळीस दिवस, कुणाचं वर्ष, कुणाची दहा वर्षं. शेवटी बाईंनी दुभाष्यामार्फत विचारलं, "इथे निवडणुका जवळ आल्यात का? उमेदवार जरा वयस्कर वाटतात."

आता इथे कुठल्याही शहाण्या माणसानं खरं सांगितलं असतं. पण तोनेव्हना वाटलं, स्वागताच्या तयारीत मयताचा विषय नको, अपशकुन होईल. ते घाईघाईनं म्हणाले, "हो, हो, निवडणुका." बाईंनी कौतुकानं मान डोलावली. मग सेव्दाआजीच्या दारावरच्या तिच्या नवऱ्याच्या फोटोकडे बोट दाखवून विचारलं, "यांना संधी आहे का?" तोनेव्ह घाम पुसत म्हणाले, "बरी आहे. गावात वजन होतं… म्हणजे आहे."

पण प्लामेनसाहेबांचा चेहरा पांढरा पडला. (ते राजधानीत, सोफियात जन्मलेले, तिथेही दारोदार हेच कागद असतात, त्यांना सगळं कळत होतं.) बाई पुढे गेल्यावर त्यांनी तोनेव्हना कोपऱ्यात घेतलं. "अहो, काय बोलून बसलात? प्रचार चालू असलेल्या गावात परदेशी पंतप्रधान पाऊल ठेवत नाहीत! एका पक्षाच्या पोस्टरपुढे फोटो निघाला तर त्यांच्या संसदेत प्रश्न विचारतील."

"मग खरं सांगू का?" तोनेव्ह म्हणाले.

"आता? आता सांगून आपण खोटारडे ठरायचं? त्यापेक्षा काढा. रस्त्यावर एकही कागद दिसता कामा नये."

अशा रीतीनं ताई, आपल्या गावातली सगळी गेलेली माणसं न लढवलेल्या निवडणुकीतून बाद झाली.

काढायचे कुणी? नगरपालिकेच्या माणसांनी सरळ सांगून टाकलं, आम्ही गटार साफ करू, पण त्याला हात लावणार नाही. तेव्हा मीच किटली, चाकू आणि ओलं फडकं घेऊन निघालो. सेव्दाआजी काळा रुमाल बांधून तिच्या बाकावर बसलेलीच होती.

"माझ्या म्हाताऱ्यानं तुमचं काय घोडं मारलंय रे?" ती म्हणाली. "आठ वर्षं उभा आहे तो या दारावर. कुणाला चावला?"

"आजी, दोन दिवसांचा प्रश्न आहे. मी स्वतः परत लावीन."

"जिवंत होता तेव्हा दोन दिवस म्हणून गेला की आठवड्यानं यायचा, पिऊन. तेव्हा मी बोलले नाही. पण मेल्यावर तो कुठे गेला नव्हता. आणि तुझी? तुझी कुठाय? परवा सहा महिने ना तिचे?"

मी म्हटलं, "हो."

"मग तिचा लावणार की नाही?"

मी किटलीच्या वाफेनं तिच्या नवऱ्याचा कोपरा सैल केला. आजी पुढे सरकली आणि तिनं स्वतः तो कागद दोन्ही हातांनी खाली घेतला, घडी न घालता. सरकारी माणूस फाडेल म्हणाली.

सगळ्या गावाचे कागद मी घरी आणले. ओले झाले होते, म्हणून स्वयंपाकघरात दोऱ्या बांधून दोब्रिन्काच्या चिमट्यांनी वाळत घातले. हसू नका ताई, दोन दिवस मी त्यांच्यातच राहिलो. चहा करायला उठलो की लोहाराला डोकं लागायचं, कपाट उघडायचं तर मास्तरीणबाईंना बाजूला सारावं लागायचं. सहा महिन्यांत पहिल्यांदा घर भरलेलं वाटलं. एकदा चुकून मी 'कॉफी घेणार का' असंही विचारून गेलो. (कुणी हो म्हटलं नाही, पण नाहीही म्हटलं नाही.) दोब्रिन्काचे नवेकोरे कागद मात्र मी तिच्या खुर्चीवर ठेवले होते, दोऱ्यांवर नाही. ते अजून कुठे लागलेच नव्हते, मग वाळत कसले घालायचे.

आदल्या दिवशी मी तोनेव्हकडे गेलो. म्हटलं, सगळ्या गावाचे काढले, हरकत नाही. पण माझ्या फाटकावर एक, फक्त एक लावू द्या. आमचं फाटक वळणावर आहे, गाड्या तिथे वेगात असतील. तोनेव्ह वाईट माणूस नाहीत. दोब्रिन्काच्या मयताला खांदा देणाऱ्यांत ते होते. हातातली पेन्सिल फिरवत म्हणाले, "मेतोदी, तुझा एक लावू दिला तर सेव्दाआजी माझं दार तोडेल. उद्याचा दिवस जाऊ दे. परवा सकाळी लाव."

"परवा सहा महिने आणि एक दिवस होईल," मी म्हटलं.

"कुणाला कळणार आहे?"

मी घरी आलो. मला खूप राग आला होता, आणि तो कुणावर काढावा ते कळत नव्हतं. तोनेव्हवर निघेना, त्या गोड उंच बाईंवर निघेना. शेवटी दोब्रिन्कावर काढला. तिच्या खुर्चीकडे बघून म्हटलं, तुला दुसरा दिवस मिळाला नाही का जायला? मग लाज वाटली आणि फुलं बांधायला बसलो.

चूक इथे झाली. फुलवालीकडून मी लाल कार्नेशनची एकच बादली आणली होती, दोघींसाठी. पंतप्रधानबाईंचा गुच्छ मोठा, तिरंगी फितीचा. दोब्रिन्काचा लहान, काळ्या दोऱ्याचा. टेबलावर फुलं उचलत मी दोन्ही बांधले. मला वाटतं मी मोजलंही. पण ताई, सहा महिने मी दुसऱ्या कुणासाठी फुलं बांधलीच नव्हती. दर शनिवारी टेकडीवर जायचं तेवढंच. हातांना दोन-दोननं उचलायची सवय लागली होती. डोकं पंतप्रधानबाईंचा विचार करत होतं आणि हात दोब्रिन्काचा.

दिवस उजाडला. चौकात गालिचा, बँड, दोन्ही देशांचे झेंडे. पाव शेवटी हॉटेलवाल्यानं भाजला होता. वरून तो छान दिसत होता आणि आतून काय ते पाहुण्यांनी एकाच घासात ओळखलं असावं, कारण दुसरा घेतला नाही. तोनेव्हचं भाषण बरं झालं. 'निर्मळ पाणी' असा शब्द शेवटी आम्ही शोधला होता. पंतप्रधानबाई ठेंगण्या, करड्या केसांच्या, थकलेल्या पण नीट ऐकणाऱ्या. मग मी पुढे झालो आणि गुच्छ दिला.

पहिल्या रांगेत सेव्दाआजी होती. (गावातली सर्वांत वयस्कर बाई म्हणून तिला आम्हीच उभं केलं होतं.) तिनं गुच्छाकडे एकदा पाहिलं. आपल्या बायकांना मोजावं लागत नाही, त्यांना दिसतं. तिनं तोंडावर हात नेला. तिच्या शेजारणीनंही नेला. क्षणात सगळ्या चौकातल्या बायकांचे हात तोंडावर गेले, आणि मला कळलं. बारा. बाईंच्या हातात बारा फुलं होती.

"अगं बाई, जिवंत बाईला!" सेव्दाआजी म्हणाली आणि सुरक्षारक्षक हलायच्या आत गालिच्यावर आली. तिनं पंतप्रधानबाईंच्या हातातल्या गुच्छातून एक फूल खसकन उपटलं. "आता जगशील," असं म्हणून बाईंच्या हातावर थोपटलं. कॅमेरे चालूच होते. प्लामेनसाहेबांचे दोन्ही फोन खाली पडले. पंतप्रधानबाईंनी दुभाष्याकडे पाहिलं. त्या बिचाऱ्यानं काय सांगावं? तो म्हणाला, इथे गावातली सर्वांत थोर बाई पाहुण्याकडून एक फूल मागून घेते, अशी रीत आहे. पंतप्रधानबाई खूश झाल्या आणि आजीपुढे वाकल्या. आजीला आता ते फूल नकोच होतं. टाकता येईना, सगळं जग बघत होतं. तिनं ते माझ्या हातात कोंबलं. "घे. तुझं तूच निस्तर."

टीव्हीवर दिसला तो मीच, टाय आणि हातात एक कार्नेशन.

पाहुणे नदीकाठी कारखाना बघायला गेले. मी मात्र कुणाला न सांगता घरी आलो, दोब्रिन्काचा गुच्छ, गहू आणि वाइन घेतली आणि टेकडी चढलो. फाटकाला कुलूप लावायचं राहिलं. वर तिच्याशी थोडं बोललो. सगळी हकीकत सांगितली. पावाचं सांगितलं तेव्हा वाटलं, ती असती तर हॉटेलवाल्याचं नाक कापलं असतं. मग गुच्छ ठेवला. तिच्या गुच्छातही फुलं सम होती, तिथे चूक नव्हती. आता हे एक हातातलं. तिथे ठेवलं तर तिची फुलं विषम होतात. मी ते परत खाली घेऊन निघालो.

उताराच्या तोंडाशी आलो आणि थांबलो. आमच्या फाटकावर दोब्रिन्का होती. शेजारच्या फाटकावर दोब्रिन्का. त्याच्या पुढच्या, त्याच्या समोरच्या, बसथांब्यावर, वाचनालयाच्या दारावर, सेव्दाआजीच्या दारावर तिच्या म्हाताऱ्याच्या शेजारी. मी वर असताना लोक आपापली माणसं न्यायला माझ्या घरी आले होते. दोरीवरून काढून घेतली, आणि खुर्चीवरचा गठ्ठा बघून तोही नेला. कुणी कुणाला सांगितलं नाही म्हणतात. रस्ताभर तीच, एकाच फोटोत, एकाच नजरेनं. 'घर आहे तिथेच आहे.' मी रस्त्याच्या मधोमध उभा राहून रडलो ताई, मोठ्यानं, आणि कुणी मला सावरायला आलं नाही. सगळे पडद्याआड उभे होते.

तेवढ्यात गाड्यांचा ताफा परत आला. मी बाजूला झालो. पंतप्रधानबाई काचेतून सगळ्या फाटकांकडे बघत गेल्या. पुढचं मला तोनेव्हनी सांगितलं. ते मागच्या गाडीत त्या उंच बाईंच्या शेजारी बसले होते. बाईंनी एक दार पाहिलं, दुसरं पाहिलं, रस्ता संपेपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "या बाई निवडून आल्या वाटतं."

तोनेव्ह म्हणाले, "हो. बिनविरोध."

तर अशी ती हकीकत. तिच्यात मी कुठे चुकलो ते तुम्हाला कळलं असेलच. गुडघ्याला जपा, जिने चढू नका, आणि गेन्कोभाऊंच्या चुलतभावाला हे पत्र जोरात वाचून दाखवा.

तुमचा धाकटा,
मेतोदी

ता. क. कागदावरचा तो फोटो ओळखपत्रावरचा आहे. त्यात ती रेशनच्या रांगेत कुणी मधे घुसल्यासारखी बघते. तिला तो कधीच आवडला नाही. तुमच्याकडे समुद्रावरचा एक आहे, कलिंगड खाताना हसते आहे तो. वर्षाच्या कागदासाठी पाठवाल का? छापखान्यातला माणूस म्हणतो मयताच्या कागदावर कलिंगड चालत नाही. मी त्याच्याशी बोलतो.

आणखी एक. ते बारावं फूल मी घरी आणून पेल्यात ठेवलं, टेबलावर तिच्या खुर्चीसमोर. सेव्दाआजी तिच्या कागदाचे चिमटे परत करायला आली तेव्हा तिनं पाहिलं. मी म्हटलं, आजी, एक फूल म्हणजे विषम, जिवंताचं. ती म्हणाली, "मग ते तुझं आहे मूर्खा, पाणी बदल त्याचं." अजून टिकलं आहे.

शेवटचं, आणि खरं तर याचसाठी लिहायला बसलो होतो. नाताळच्या आदल्या संध्याकाळी या. तिकिटांचं गेन्कोभाऊ बघतील. त्या रात्री टेबलावर पदार्थ विषम लागतात आणि भोवती माणसंही, हे मला ठाऊक आहे. सेव्दाआजी वाल भरलेल्या मिरच्या देणार आहे, बाकीचे मी करीन, बिघडले तरी संख्या बरोबर ठेवीन. पण ताई, तुम्ही एकट्या येऊ नका. आपण दोघंच टेबलाशी बसलो तर सम होऊ. गेन्कोभाऊंना घेऊन आलात की तिघं. ताट दोब्रिन्काचंही मांडायचं आहे, म्हणजे पुन्हा चार होतात का, हा हिशेब मी रोज करतो आणि रोज अडतो. तिला कुठल्या बाजूला मोजायचं, ते तुम्ही आल्यावर ठरवू.